शहरातून उल्कावर्षाव बघायचा तर: रात्र निवडण्यापासून उल्का मोजण्यापर्यंत

उल्कावर्षावाच्या दुसऱ्या दिवशी एकच तक्रार ऐकू येते: "गच्चीवर जाऊन आलो, काहीच दिसलं नाही." जरा खोलात विचारलं की कारणं बाहेर पडतात. रात्र चुकलेली असते, दिव्याच्या उजेडात उभं राहून वर बघितलेलं असतं, मध्ये मध्ये मोबाइल उघडलेला असतो आणि पंधरा-वीस मिनिटांत कंटाळून खाली उतरणं झालेलं असतं. यातली प्रत्येक चूक टाळता येते.

शहराचा उजेड आपल्या हातात नाही. पण थेट आपल्या डोळ्यांत शिरणारा उजेड आडवता येतो आणि सलग बघत राहता येतं. खालचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

## १. कोणता उल्कावर्षाव, हे आधी ठरवा

वर्षभरात बरेच उल्कावर्षाव होतात, पण शहरातून बघण्याजोगे दोनच: ऑगस्टमधला ययाती (१२-१३ ऑगस्टच्या आसपास) आणि डिसेंबरमधला मिथुन (१३-१४ डिसेंबर). जानेवारीच्या ३-४ तारखेचा भूतप उल्कावर्षावही जोरदार असतो, पण त्याचा भर (उल्का सर्वांत जास्त पडतात तो काळ) जेमतेम काही तासांचा. ते तास तुमच्याकडच्या पहाटे आले तरच त्याच्यासाठी उठा.

एप्रिलमधला स्वरमंडल, ऑक्टोबरमधला मृग आणि नोव्हेंबरमधला सिंह हे शहरातून बघायच्या भानगडीत पडू नका. काळ्याकुट्ट आकाशाखालीसुद्धा ते एरवी ताशी दहा-वीसच उल्का देतात. शहरात त्यातल्या दोन-तीन उरतात आणि नवखा माणूस कायमचा निराश होतो.

आता बातम्यांतल्या 'ताशी १००' किंवा 'ताशी १५०' या आकड्यांचं. हा दर आदर्श परिस्थितीचा असतो: उगमबिंदू (आकाशातल्या ज्या ठिकाणाहून उल्का आल्यासारख्या दिसतात ती जागा) बरोबर डोक्यावर, आकाश निरभ्र आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतका काळोख. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. तिचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. शहरात साधारण साडेतीन ते साडेचार प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, आणि उल्कांमध्ये अंधूक उल्काच सर्वांत जास्त असतात. आकाश एका प्रतीने उजळ झालं की ययातीच्या दिसणाऱ्या उल्का सुमारे २.२ पटीने घटतात, मिथुनच्या सुमारे २.६ पटीने.

हिशोब करून बघा. ययातीचा आदर्श दर १०० आणि तुमच्याकडे ४ प्रतीपर्यंतचं आकाश. अडीच प्रतींची घट म्हणजे दर सातपटीने कमी, ताशी १४. उगमबिंदू आकाशात अर्ध्या उंचीवर असेल तर ताशी १०. मिथुनचे १५० घेतले तरी उत्तर जवळपास तेवढंच येतं, कारण त्यात अंधूक उल्कांचं प्रमाण जास्त आहे. म्हणून मनात ताशी सहा ते दहा एवढीच अपेक्षा ठेवा. त्याहून जास्त दिसल्या तर रात्र चांगली लागली म्हणायचं.

## २. रात्र आणि तास कागदावर लिहा

सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. '१३-१४ डिसेंबर' याचा अर्थ १३ तारखेच्या संध्याकाळी सुरू होऊन १४ च्या पहाटे संपणारी एकच रात्र. '१४ च्या पहाटे ३ वाजता' असं वाचून १४ तारखेच्या रात्री गच्चीवर जाणारे चोवीस तास उशिरा पोचतात. मिथुन उल्कावर्षाव भर ओसरल्यावर झपाट्याने उतरतो, त्यामुळे ही चूक तिथे फार महागात पडते.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटना दरवर्षी पंचांगासारखं वेळापत्रक प्रसिद्ध करते. त्यातल्या वेळा जागतिक वेळेत (यूटीसी) असतात. आधी त्या आपल्या घड्याळात बसवा आणि मग तारीख ठरवा, कारण या बदलात तारीखही पुढेमागे होते.

मग तास. ययातीचा उगमबिंदू ययाती आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांच्या सीमेजवळ आहे आणि पहाट होईपर्यंत वर चढत राहतो. म्हणून मध्यरात्र ते पहिली उजाडणी हा त्याचा काळ, त्यातही शेवटचे दोन तास उत्तम. मिथुनचा उगमबिंदू पुनर्वसूच्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. तो संध्याकाळीच उगवतो आणि रात्री दोनच्या सुमारास सर्वांत उंच असतो. ज्यांना पहाटे उठणं जमत नाही त्यांनी मिथुनच धरावा, रात्री दहापासूनही तो निराश करत नाही.

चंद्रासाठी कॅलेंडरवरची तिथी पुरते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. म्हणजे अमावास्येपासून शुद्ध अष्टमीपर्यंत मध्यरात्रीनंतरचं आकाश मोकळं मिळतं. पौर्णिमेच्या आगेमागे चार दिवस शहरातून प्रयत्न करू नका असंच मी सांगेन. २०२६ साली १२ ऑगस्टलाच अमावास्या आहे, त्यामुळे त्या वर्षीच्या ययातीला चंद्राचा अडसर मुळीच नाही. त्याच वर्षीच्या मिथुनला चंद्रकोर रात्री लवकर मावळते.

तपासा: "शनिवार रात्री १२ ते रविवार पहाटे ४" असं वारासकट लिहिलंय का? नुसती तारीख लिहिली असेल तर पुन्हा लिहा.

## ३. जागा तीन-चार दिवस आधी शोधा

जागा दिवसा बघून काही कळत नाही आणि संध्याकाळीही नाही. ज्या वेळी उल्का बघणार त्याच वेळी एकदा जाऊन या. रात्री अकराला झगमगणारी बाजू दोन वाजता बऱ्यापैकी शांत झालेली असते, कारण दुकानं, पाट्या आणि घरांचे दिवे तोवर बंद होतात. उलट पहाटे चारला एखाद्या कारखान्याचे दिवे सुरू होताना दिसतील.

तिथे गेल्यावर उभं राहून बघू नका. जसं झोपून बघणार तसंच आडवे व्हा आणि मान न हलवता मोजा: किती दिवे थेट डोळ्यांत येतात? एक जरी येत असेल तर जागा सरकवा. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली, जिन्याच्या खोलीची मागची बाजू किंवा कठड्याचा कोपरा अशा दोन पावलांच्या फरकाने बरंच काम होतं. उभ्या माणसाला दिसणारे रस्त्यावरचे खांब आडवं झालं की कठड्याआड जातात. समोरची पांढरी भिंतही दिव्याइतकीच त्रासदायक असते, कारण ती उजेड परत फेकते. तिच्याकडे पाय नको, डोकं करा.

'जितकं उंच तितकं चांगलं' ही समजूत सोडून द्या. वीस मजले वर गेलं की क्षितिज मोकळं होतं, पण सगळ्या शहराचे दिवेही नजरेत येतात, आणि क्षितिजालगतचं आकाश शहरात तसंही वाया गेलेलं असतं. एका बाजूला चारही दिशा मोकळ्या पण डोळ्यांत दिवा येणारी गच्ची आणि दुसऱ्या बाजूला अर्धंच आकाश दिसणारं पण काळोखं अंगण असं असेल, तर मी अंगण निवडेन. अर्ध्या आकाशामुळे साधारण अर्ध्या उल्का जातील. डोळ्यांत येणाऱ्या दिव्यामुळे एक प्रत जरी गेली तरी अर्ध्याहून जास्त जातात, शिवाय डोळे शिणतात ते वेगळंच.

आता आकाशाची कोणती बाजू कमी उजळ आहे ते बघा. सहसा ती शहराच्या मध्यापासून दूरची असते. पाणी, डोंगर किंवा शेतं ज्या दिशेला असतील ती दिशा लक्षात ठेवा. पांढरे एलईडी दिवे जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांपेक्षा आकाश जास्त उजळवतात, कारण त्यांतला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. हवेत धूळ, धूर आणि बाष्प असेल तर हेच काम आणखी वाढतं. पाऊस पडून गेल्यावर आकाश निवळलं की शहराचं आकाशही एकदम खोल वाटतं. अशी रात्र भराच्या आदल्या दिवशी आली तरी सोडू नका.

इमारतीच्या गच्चीवर कायम जळणारा दिवा असेल तर तो त्या रात्रीपुरता बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा. रात्री एक वाजता कुणाला उठवून हे जमत नाही.

तपासा, आकाशाची प्रत: शर्मिष्ठेचे पाच तारे शोधा. तिच्या टोकाचा सर्वांत अंधूक तारा ३.४ प्रतीचा आहे. तो दिसला तर जागा चालेल, चारच तारे दिसले तर दुसरी जागा बघा. मग कृत्तिका बघा. ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर त्या पूर्वेला वर येतात, डिसेंबरमध्ये रात्री चांगल्या उंच असतात. कृत्तिकेचे सहा तारे वेगवेगळे मोजता आले तर तुमचं आकाश ४.३ प्रतीपर्यंत जातं, आणि शहरासाठी ही उत्तम जागा झाली. नुसता धूसर ठिपका दिसत असेल तर अपेक्षा खाली आणा. भूतपसाठी पहाटे सप्तर्षी वापरा. त्यातला अत्री ३.३ प्रतीचा, बाकीचे सहा त्याहून तेजस्वी.

सावधान: कठड्याला लागून अंथरूण घालू नका, आणि वर बघत एक पाऊलही चालू नका. अनोळखी मोकळ्या मैदानात एकट्याने जाऊ नका.

शहराच्या कडेला जाण्याची सोय असेल तर जरूर जा. तिथे एकच प्रत जास्त मिळाली तरी उल्का दुपटीहून जास्त होतात.

## ४. साहित्य थोडंच, पण दुपारीच काढून ठेवा

चटई किंवा पाठ मागे झुकवता येणारी आरामखुर्ची, उशी, आणि वाटतं त्याहून एक पांघरूण जास्त. निश्चल पडून राहिल्यावर उन्हाळ्यातही पहाटे अंग गार पडतं, आणि थंडी वाजायला लागली की लोक खाली जातात. दव पडत असेल तर वरून प्लॅस्टिक. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर. पाण्याची बाटली. टोपी किंवा डोक्यावर ओढता येईल असं जॅकेट. आणि एक काळी छत्री, तिचं काम पुढे येतंच.

दुर्बीण घरी राहू द्या. साध्या द्विनेत्रीतून सहा-सात अंशांचा तुकडाच दिसतो, आणि उल्का कुठे चमकेल ते आधी कुणालाच माहीत नसतं. इथे उघडे डोळेच कामाचे.

## ५. डोळ्यांना अर्धा तास द्या

अंधारात पहिल्या दहाएक मिनिटांत डोळे बरेच सरावतात. पण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. शहरात हा सराव कधीच पूर्ण होत नाही. म्हणूनच जो होतो तो जपायचा असतो. 'इथे एवढा उजेड, सरावून काय उपयोग' म्हणणाऱ्याच्या शेवटच्या पाऊण प्रतीच्या उल्का जातात, आणि शहरात त्याच तर मोजक्या उल्कांमध्ये भर घालतात.

क्रम असा:

१. घरातून निघण्याआधी मोबाइल विमान मोडवर टाका आणि आवाज नोंदवणं सुरू करून पालथा ठेवा. वेळ बघायची गरज पडू नये म्हणून तासाभराचा गजर लावा.

२. जागेवर आडवे व्हा. टोपीची झडप किंवा जॅकेटची टोपी अशी ओढा की बाजूचे दिवे दिसेनासे होतील आणि वरचं आकाश मोकळं राहील.

३. तरीही एखादा खांब डोकावत असेल तर काळी छत्री उघडून डोक्याशेजारी अशी टेकवा की तिचा घेर फक्त त्या दिव्यावर येईल. छत्री उभी धरायची नाही, आडवी ठेवायची. दांडा उशीखाली सरकवला की ती वाऱ्याने हलत नाही. दिवा झाकला जाताच आकाश गडद होतं, हे लगेच जाणवेल.

४. लांबचा नंबर असेल तर चश्मा लावा, आणि काच आधी स्वच्छ पुसा. धूळ बसलेल्या काचेवर बाजूचा उजेड पसरतो.

सावधान: मोबाइलचा 'नाइट मोड' पुरेसा नाही. पडदा पिवळट झाला तरी उजेड असतोच. एकदा दोन सेकंद डोकावलं की पुढची दहा-पंधरा मिनिटं गेली. लाल टॉर्चही मंदच हवा, लखलखीत लाल उजेड सराव मोडतोच. तारे ओळखायचं स्टेलेरियमसारखं अ‍ॅप वापरायचं तर सुरुवातीलाच वापरून घ्या, मग हात लावू नका.

## ६. नजर कुठे ठेवायची

उगमबिंदूकडे टक लावू नका. त्याच्याजवळच्या उल्का जवळजवळ आपल्याच दिशेने येत असल्यामुळे त्यांचे माग आखूड दिसतात, आणि उजळ आकाशात आखूड माग निसटतो. उगमबिंदूपासून साधारण ४० अंशांवर बघा. हात सरळ ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते, म्हणजे चार मुठी बाजूला. क्षितिजापासून पाच-सहा मुठी वरचा पट्टा धरा. त्याखाली शहराची झळाळी आणि धूसर हवा असते.

या दोन नियमांची टक्कर झाली, म्हणजे चार मुठींवरची जागा उजळ आणि दुसरीकडे काळोख असेल, तर काळोख निवडा. शहरात हाच नियम वरचढ.

बघताना एका ताऱ्यावर नजर रोखू नका. डोळे सैल ठेवून मोठा पट्टा नजरेत घ्या. हालचाल डोळ्याच्या कडेला आधी जाणवते, आणि अंधूक उल्का बहुतेक तिथेच सापडतात. चार जण असाल तर चार दिशा वाटून घ्या. पण सगळ्यांच्या संख्या एकत्र मिळवू नका, एकच उल्का दोघांनी मोजलेली असते.

## ७. एक पूर्ण तास, सलग

ताशी सहा उल्का म्हणजे दर दहा मिनिटांनी एक, असा वेळापत्रकी अर्थ नाही. त्या कशाही येतात, कधी पाठोपाठ दोन, कधी वीस मिनिटं शून्य. ताशी सहा या दराने पहिल्या पंधरा मिनिटांत एकही न दिसण्याची शक्यता पाचात एकाहून थोडी जास्त आहे. पूर्ण तासात एकही न दिसण्याची शक्यता मात्र चारशेत एक. पंधरा मिनिटांत उठलेल्याची तक्रार आणि तासभर पडून राहिलेल्याचा आनंद यांत फरक एवढाच.

त्यामुळे डोळे सरावायला अर्धा तास आणि त्यानंतर किमान एक तास. गप्पा मारा, पण मान वळवून नको. मध्ये उठावं लागलं तर तेवढी मिनिटं तासातून वजा करा.

उल्का दिसली की मोबाइलकडे न बघता मोठ्याने बोला: "मिथुन, पुनर्वसूपासून खाली, रोहिणीइतकी तेजस्वी." सकाळी आवाज ऐकून पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत लिहा. सोबत कृत्तिकेचे किती तारे दिसत होते तेही. पुढच्या वर्षी जागा बदलल्यावर फायदा झाला की नाही, हे याच नोंदीवरून कळतं. आठवणीवर विसंबलं तर मागचं वर्ष नेहमीच चांगलं वाटतं.

## ८. दिसलं ते उल्काच होतं का?

उल्का बहुतेकदा सेकंदाच्या आत संपते. सावकाश सरकणारा, मिनिटभर दिसणारा ठिपका म्हणजे कृत्रिम उपग्रह. लुकलुकणारा म्हणजे विमान. रस्त्याच्या दिव्यात उजळून जाणारे किडे आणि वटवाघळंही फसवतात, पण त्यांची वाट वाकडी असते.

मग बघा ती याच वर्षावातली होती का. तिचा माग मनातल्या मनात मागे लांबवा. रेघ उगमबिंदूपाशी गेली तर ती वर्षावातली, नाही तर सुटी उल्का. वेगही मदत करतो: मिथुनच्या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात आणि डोळ्यांना निवांत वाटतात, ययातीच्या ५९ किलोमीटरने आणि झटकन निघून जातात. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. त्याची वेळ, दिशा आणि उंची (मुठींत) ताबडतोब बोलून ठेवा. अग्निगोलांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना सामान्य माणसांकडूनही घेते, आणि त्यासाठी काळोखं आकाश लागत नाही.

## ९. कॅमेरा लावणार असाल तर

तिपाई, रुंद कोनाची लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) शक्य तितकं उघडं, फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने. शहरात ५ ते १० सेकंदांचे फोटो एकामागोमाग घेत राहा. लांब एक्स्पोजरने उल्का उजळत नाही, कारण ती क्षणभरच असते. उजळतं ते फक्त आकाश. पहिला फोटो राखाडी-पांढरा आला तर वेळ कमी करा, छिद्र नव्हे. हे सगळं डोळे सरावण्याआधी उरका आणि कॅमेऱ्याचा पडदा बंद करून टाका.

## १०. ढग आले तर

ययाती सावकाश चढतो, त्यामुळे भराच्या आदल्या एक-दोन रात्री हा चांगला पर्याय आहे. मिथुनचं वेगळं: भर जवळ येताना अंधूक उल्कांचं प्रमाण जास्त असतं, तेजस्वी उल्का उशिराकडे झुकतात. शहरातून आपल्याला तेजस्वीच दिसतात. म्हणून भराची वेळ तुमच्याकडे दिवसा येत असेल तर आदल्या रात्रीऐवजी नंतरची रात्र धरा. विरळ ढगांत मोजणी चालू ठेवायला हरकत नाही, पण पाचवा हिस्सा आकाश झाकलं गेलं की थांबा आणि ढग सरकेपर्यंत डोळे मिटून पडा, म्हणजे सराव मोडत नाही.